बेबीनंदाची बिननंबरी गाडी

९ फेब्रुवारी, सोमवार

पहाटे पुन्हा तेच स्वप्न पडलं. गाडी चालली आहे, दोन्ही अंगांनी ज्वारी डुलते आहे, बेबीनंदा माझ्या शेजारी उंच बसली आहे आणि आवाज म्हणून नाही. मी स्वप्नातही मेकॅनिकच. घाबरून गाडी थांबवतो, बॉनेट उघडतो, तर आत इंजिनच नाही, कडुनिंबाचा पाला भरलेला. बेबीनंदा वरून विचारते, काय झालं? मी म्हणतो, काही नाही, चालू आहे.

जाग आली तसा उठून दिवा लावला आणि ही डायरी काढली. पस्तीस वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपात इंजिनं उघडली, पाला एकातही निघाला नाही.

ही डायरी बियाण्याच्या एका कंपनीने वाटलेली. प्रत्येक पानाच्या तळाशी पेरणीचा एक सल्ला छापलाय. तो तसाच राहू दे, वरच्या जागेत मी माझं लिहीन. रिटायर होऊन दोन वर्षं झाली आणि आता एकच काम काढलं आहे. घरामागच्या मोकळ्या जागेत, कडुनिंबाखाली, स्वतःच्या हाताने एक गाडी बांधायची. रीतसर नंबर घ्यायचा आणि बेबीनंदाला तिच्यात बसवून माहेरी न्यायचं.

कारण असं की तिला गाडी लागते. एस.टी.तल्या माणसाची बायको आणि तिला एस.टी.त बसलं की उलटी, यावरून डेपोत माझी थोडी थट्टा झाली नाही. माहेर पिंपळखेड्याला, राजूरच्या पुढे, इथून, जालन्याहून, तीसच किलोमीटर. सासरे होते तोवर बैलांची दमणी जुंपून न्यायला यायचे. ते गेले, दमणीची चाकंही मोडली. मागच्या धोंड्याच्या महिन्यात मी भाड्याची कार केली होती, काचा लावून, गार हवा सोडून. राजूरच्या बरंच अलीकडे ती उतरली आणि जी मागे फिरली ती पायी घरी आली. दहा किलोमीटर मी तिच्यामागे चाललो. सासूबाई तिकडे पुरणाचे धोंडे करून वाट बघत बसल्या.

यंदा पुन्हा अधिक महिना आहे. सतरा मेला लागतो, पंधरा जूनला संपतो. सासूबाई, म्हणजे चांगुणाबाई, शहाऐंशीच्या झाल्या. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. त्यांनी निरोप धाडलाय, यंदा लेक-जावई दोघं आले पाहिजेत, पुढच्या धोंड्याला मी असेन-नसेन.

माझा अभ्यास असा की गाडी लागते ती बंद काचांनी आणि बुटक्या सीटने. माणसाला उंच बसवा, चहूकडून मोकळं ठेवा, नजर लांब जाऊ द्या, पोट जागेवर राहतं. तशी गाडी बाजारात मिळत नाही. म्हणून बांधायची.

१४ फेब्रुवारी

मदनलालच्या भंगाराच्या आवारात दिवस गेला. हा माझा जुना मित्र. त्याचे आजोबा राजस्थानातून आले, पण हा जुन्या जालन्यात माझ्यापेक्षा जास्त ओळखीचा. त्याच्याकडे एका जीपचं इंजिन पडून होतं, अठ्ठ्याण्णव सालचं, डिझेल. मी हाताने फिरवलं, कॉम्प्रेशन असं की मनगटाला झटका बसला. तिथेच मन बसलं. एस.टी.ची दोघांची एक सीटही मिळाली, वर अजून आसन क्रमांक आहे, अकरा आणि बारा.

मदनलाल म्हणाला, "इंजन बिलकुल फर्स्ट क्लास हाय कडुबाजी. पण नंबर घेतो म्हणता, मंग कागदाचं काय?"

मी म्हटलं, इंजिन डिझेलवर चालतं, कागदावर नाही. तो हसला नाही.

८ मार्च, रविवार

चॅसी उभी राहिली. लोखंडी चॅनल आपल्याच गावच्या पोलादाच्या गिरणीतलं, वेल्डिंग माझं. मागे-पुढे स्प्रिंगचे पाटे बसवले, त्यावर उंच चौकट, चौकटीवर सीट. वर कापडी छत टाकणार. जमिनीपासून सीट छातीएवढी. चढायला दोन पायऱ्या केल्या, बेबीनंदाच्या गुडघ्याच्या मापाने. माप घेऊ दिलं तिने, पण हसत होती.

चहा घेऊन येते आणि दहा पावलांवर, फाटकाशी थांबते. तिथूनच हाक मारते, पदर नाकाला. मी उठून जायचं. कामाच्या जागी बाईने येऊ नये असं तिच्या घरी शिकवलं असेल. शिस्तीची आहे. माझे कामाचे कपडे नोकरी लागल्या दिवसापासून वेगळ्या बादलीत धुते, वेगळ्या तारेवर, तेही मागच्या बाजूला वाळवते. रिटायर झालो तेव्हा ती बादली तिने उपडी घातली होती. आता पुन्हा सरळ केली. नोकरी लागली त्याच वर्षापासून ती आतल्या खोलीत झोपते आणि मी ओसरीत. उकडतं म्हणते. तिला डिसेंबरातही उकडतं, एकेकाच्या अंगात उष्णताच जास्त असते.

दुपारी चॅसीवर आडवा झालो. कडुनिंबाचा मोहोर अंगावर पडत होता. डोळे मिटले की गाडी आपोआप निघाली, बदनापूरचं स्टेशन मागे पडलं, रूळ ओलांडले, ढगांच्या सावल्यांवरून चाललो. त्या बाजूला आमचं काहीच काम नाही, तरी गेलो. बेबीनंदा एकेका गावाचं नाव विचारत होती आणि मी सांगत होतो.

संध्याकाळी नंबरप्लेट रंगवली. एमएच २१ एवढं लिहून पुढची जागा मोकळी ठेवली. तिथे काय आकडे येतील याचा विचार करायला फार गोड वाटतं.

२ एप्रिल, गुरुवार

इंजिन चालू झालं!

तिसऱ्या प्रयत्नाला खोकलं, सातव्याला धरलं. निळा धूर कडुनिंबात शिरला, कावळे उडाले, शेजारच्यांनी खिडक्या लावल्या. मी तिथेच उभा राहून रडलो, लिहायला काय हरकत आहे. डिझेलचा वास आला की मला घरी आल्यासारखं होतं. सायलेन्सर उजव्या बाजूने, सीटच्या खालून काढलाय, अगदी एस.टी.सारखा.

एवढा मोठा दिवस आणि बेबीनंदा घरात नव्हती. मी सकाळी सांगितलं होतं आज चालू करणार, आणि ती शेवया करायला म्हणून तीन गल्ल्या पलीकडे निघून गेली. इंजिन बंद झाल्यावर तासाभराने आली. मला वाईट वाटलं. 

२१ एप्रिल

आज तिला बसवलं. पायऱ्या बरोब्बर झाल्या आहेत, नव्या नवरीसारखी चढली. वर बसून इकडे-तिकडे पाहिलं, म्हणाली, "इथून तर त्या गल्लीतली मशीदपण दिसून राह्यली." तिचा चेहरा असा उजळला की माझ्या सगळ्या मेहनतीचं चीज झालं. मग मी इंजिन चालू केलं. गाडी हलवलीही नाही, नुसती जागेवर.

तिने डोळे मिटले. पाच मिनिटांनी हात वर केला, उतरली आणि भिंतीआड जाऊन ओकली.

सकाळी कैरीचं पन्हं प्यायली होती उपाशीपोटी. मी सांगत होतो पिऊ नकोस. तरी विचार केला, सीट अजून सहा इंच उंच घ्यावी. चौकट कापायला घेतली आहे.

५ मे, मंगळवार

आज आरटीओ. नंबर नसलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणून माझी गाडी टेम्पोवर चढवून नेली. गाडी गाडीवर बसून चालली होती, बघणाऱ्यांची करमणूक झाली. पुढे ठळक अक्षरांत "बेबीनंदा" लिहिलंय, पोरं ते मोठ्याने वाचत होती.

तपासणीला एक तरुण मॅडम होत्या, तृप्ती मॅडम. मला वाटलं होतं कागदावरून मान वर करणार नाहीत. पण त्या वाकून चॅसीखाली शिरल्या, वेल्डिंगवर बोट फिरवलं, ब्रेक दाबून पाहिले. म्हणाल्या, काका, असं काम मी कॉलेजातही पाहिलं नाही. मी मनात नंबरप्लेट पुरी केली.

मग त्यांनी बसवून शांतपणे सांगितलं. गाडी कोणी बांधली या रकान्यात कंपनीचं नाव लागतं. घरी बांधलेल्या गाडीचा नमुना सरकारने नेमलेल्या संस्थेकडे पाठवून पास करून आणावा लागतो, त्यात ब्रेकपासून धुरापर्यंत सगळं तपासतात. आणि हे इंजिन तिथे दारातही घेणार नाहीत. आज नवीन गाडीला नंबर मिळतो तो धुराच्या नव्या, बीएस सहाच्या नियमाने, हे इंजिन अठ्ठ्याण्णवचं.

मी म्हटलं, माझ्या हातून हजार एस.ट्या पास झाल्या, मला धूर शिकवू नका. आवाज चढला माझा. त्या चिडल्या नाहीत.

"काका, तुमच्या कामाला मी नावं ठेवत नाही. पण धूर हवेत जातो म्हणजे कुठंतरी जात नाही, कोणाच्या तरी नाकात जातो. त्या माणसाला कोणी विचारलेलं नसतं. नियम त्याच्यासाठी आहे."

मी म्हटलं, पस्तीस वर्षं माझ्याच नाकात गेला, मी ठणठणीत आहे. आणि टेम्पो परत फिरवला.

६ मे

काल रागाने जेवलो नाही. आज बेबीनंदाला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, हात थांबले.

"मॅडम काय म्हणल्या? पुन्हा सांगा."

मी सांगितलं. कोणाच्या तरी नाकात जातो. त्या माणसाला कोणी विचारलेलं नसतं. तिने तिसऱ्यांदाही म्हणायला लावलं. समजलं नसावं, सरकारी नियमाची भाषा अवघडच. मग विचारलं, मॅडमचं नाव काय, कुठल्या गावच्या, लग्न झालंय का. मी म्हटलं, मला काय ठाऊक. दिवसभर ती स्वतःशीच गुणगुणत होती. नवऱ्याचा असा अपमान झालेला आणि ही गाणं म्हणते.

१४ मे

हार मानायची नाही. नॉझल नवे टाकले, पंप उघडून बसवला, टायमिंग लावलं. इंजिन आता बासरीसारखं वाजतंय. डेपोत आमची एक पद्धत होती. सायलेन्सरच्या तोंडावर पांढरा रुमाल मिनिटभर धरायचा. रुमाल करडा झाला तर गाडी मार्गावर, काळा झाला तर पुन्हा उघडा. यंत्राच्या आकड्यापेक्षा मला रुमालावर भरवसा.

घरात पांढरं काही सापडेना. बेबीनंदाच्या पेटीवर क्रोशाचा एक रुमाल घडी करून ठेवला होता, तोच घेतला. धरला. काढला तर मधोमध काळा गोल, चांगला बशीएवढा.

तो रुमाल तिने आईसाठी विणला होता. धोंड्याच्या वाणाच्या ताटावर झाकायला. दोन महिने विणत होती म्हणे, माझ्याच समोर बसून. मी पाहिलंच नव्हतं.

तिने रुमाल सोड्यात भिजवला, धुतला, पुन्हा भिजवला, पुन्हा धुतला. बोलली असती तर बरं झालं असतं. मला फार लाज वाटली.

१९ मे

अधिक महिना लागून तीन दिवस झाले. पुन्हा आरटीओत गेलो. निघताना बेबीनंदाने लोणच्याची बरणी हातात दिली, मॅडमसाठी. मी म्हटलं, अगं, असं काही दिल्याने नंबर मिळत नाही, उलट माणूस गोत्यात येतो. ती म्हणाली नंबरासाठी न्हाई, अशीच द्या. मला काही कळेना. मॅडमनी बरणी अर्थातच घेतली नाही, कार्यालयात चालत नाही म्हणाल्या, पण बरणीकडे बघत राहिल्या. कैरीचं का, असं विचारलं.

उत्तर तेच. शेतात, आवारात, स्वतःच्या जागेत चालवा, रस्त्यावर नाही. मी विचारलं, मग मी करू काय? त्यांनी खरंच थोडा विचार केला.

"इंजिन नसतं तर तुम्हाला माझ्याकडे यायचं कामच नव्हतं, काका."

मला ते फार लागलं. इंजिन नसलेली गाडी म्हणजे काय, पलंग?

घरी आल्यावर बेबीनंदाने आधी बरणीच विचारली. न घेतल्याचं ऐकून हिरमुसली. गाडीचं नंतर विचारलं.

२२ मे, शुक्रवार

मदनलालला बोलावून इंजिन देऊन टाकलं. नजरेसमोर ठेवायचं नव्हतं. गिअरबॉक्स, टाकी, रेडिएटर, सगळं. चेनवर इंजिन वर उचललं तेव्हा चॅसीचा पुढचा भाग हळूहळू वर आला, माणूस उसासा टाकतो तसा. मदनलाल जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाला, गाडी मोडायची असली तर मला सांगू नका, दुसऱ्याला सांगा.

अंघोळ केली. कामाचे कपडे काढले ते काढलेच. बेबीनंदाने बादली उपडी घातली.

३१ मे, रविवार

आठ-नऊ दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतंच. स्वप्नंही बंद झाली. नुसता पडून असतो. मुलं नोकरीसाठी बाहेरगावी गेली तेव्हाही एवढं रिकामं वाटलं नव्हतं.

आज दुपारी मागच्या दारी गेलो आणि थांबलो. बेबीनंदा गाडीत वर बसली होती. मांडीवर परात, डाळ निवडत होती. पाय अधांतरी हलवत होती. बॉनेट मी उघडंच टाकलं होतं, त्यात वाऱ्याने कडुनिंबाचा पाला भरला होता. जवळ जाऊन एक पान उचललं, खरं होतं.

मी विचारलं, इथे का बसलीस? म्हणाली, "आता बरी झाली गाडी. रोज बसून राह्यले मी, तुम्ही दुपारी निजता तव्हा."

बरी झाली म्हणे. चार महिन्यांची माझी मेहनत निघून गेली आणि हिला आता बरी वाटते. तरी मी तिथून गेलो नाही. पायरीवर बसून राहिलो. ती डाळ निवडता निवडता लहानपणचं सांगत होती, दमणीत बसून आजोळी कशी जायची, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांवरून कोणाची दमणी आली ते कसं ओळखायचे. फार दिवसांनी एवढी बोलली. मागे अशी बोलली होती ती राजूरच्या रस्त्याने पायी परत येताना. तेव्हाही मला नवल वाटलं होतं की एवढी ओकली, आणि चालायला लागल्यावर तोंड थांबत नाही.

४ जून

भांडण झालं. बेबीनंदाने मला न विचारता भावाला फोन केला. पुंजाराम, तिचा धाकटा भाऊ, पिंपळखेड्याला शेती करतो. त्याच्याकडे अजून एक बैलजोडी आहे. त्याच्या मालवाहू बैलगाडीत तीस किलोमीटर बसायचं म्हणजे हिच्या पाठीचे मणके मोजून घ्यावे लागतील. म्हणून हिने काय डोकं लावलं, तर बैल इकडे आणायचे आणि माझ्या गाडीला जुंपायचे.

मी म्हटलं, चार चाकांना पाटे, ब्रेक, स्टिअरिंग, अकरा-बारा नंबरची सीट, आणि पुढे बैल? डेपोसमोरून जाणार आपण, लोक काय म्हणतील?

ती म्हणाली, "काय म्हणायचं ते म्हणू द्या. पाटे तुमचेच हायती ना? माझी पाठ तुमच्या पाट्यांवर भरवसा ठेवून राह्यली."

मी दार आपटून बाहेर गेलो. बसस्टँडवर जाऊन बसलो. भोकरदनची गाडी लागली होती, इंजिन चालू ठेवून ड्रायव्हर चहाला गेलेला. खिडकीतून एक बाई पदराने नाक झाकून बसलेली दिसली. काय की, मला वाटलं कोणीतरी ओळखीची आहे. नव्हती.

७ जून, रविवार

सासूबाईंचा फोन आला. पुंजारामने लावून दिला. दोनच वाक्यं बोलल्या.

"जावईबापू, मला गाडी दिसायची न्हाई अन् बैलंही दिसायचे न्हाईत. लेकीचा हात तेवढा हातात द्या."

फोन ठेवल्यावर मी थेट मागे गेलो आणि वेल्डिंगचा चष्मा घातला. अभिमान काय, तो पुढच्या वर्षीही करता येईल.

काम सोपं नाही. बैल वळले की पुढची चाकं वळली पाहिजेत. स्टिअरिंगचा रॉड सोडवला, पुढच्या आसाला मधोमध खिळीवर फिरतं केलं आणि त्याला लांब दांडी जोडली, टोकाला जू. ब्रेकचं पायडल तसंच ठेवलं, उतारावर गाडी बैलांच्या पायांवर जाऊ नये म्हणून. हॉर्नही ठेवला. गाडी बांधताना एकदाही आली नाही एवढी मजा आली. बेबीनंदा फाटकाशी थांबली नाही, अगदी जवळ येऊन चहा दिला, दांडी धरून उभी राहिली. नंबरप्लेट काढू का विचारलं तर म्हणाली, असू द्या, मोकळी जागा चांगली दिसते.

१२ जून, शुक्रवार

पुंजाराम बैल घेऊन दुपारी आला. पेरणीचे दिवस तोंडावर असताना जोडी मोकळी केली त्याने. बैलांना कडुनिंबाखाली बांधलं. ढवळ्या रंगाचे, शिंगं रंगवलेली. गाडीभोवती फिरून पुंजाराम म्हणाला, दाजी, असली दमणी आबांनाही न्हाई जमली. आबा म्हणजे सासरे. मला एवढं बरं वाटलं की मी पायऱ्या पुन्हा एकदा पुसून काढल्या. जुंपून पाहिलं. इंजिन नसल्याने गाडी अशी हलकी की बैलांनी मागे वळून पाहिलं.

उद्या साडेचारला निघायचं. डेपोसमोरून अंधारातच जावं असं माझं म्हणणं.

१३ जून, शनिवार. पिंपळखेडा

पोहोचलो. सगळं नीट लिहून ठेवतो.

अंधारात निघायचं ठरलं होतं, पण बेबीनंदाच्या वेणीफणीत उजाडायला आलं, आणि डेपोच्या फाटकाशी नेमकी पहिल्या पाळीची माणसं उभी. मी मान खाली घातली. कोणी हसलं नाही. जुना एक ड्रायव्हर पुढे आला, पाटे हाताने दाबून पाहिले, म्हणाला, कडुबा, सस्पेन्शन झकास. मग हात वर करून आम्हाला वाट दिली, एस.टी. सोडतात तशी. मी हॉर्न दिला.

गाव मागे पडलं. पुंजाराम पुढे दांडीवर बसून कासरा सांभाळत होता, आम्ही दोघं वर, अकरा आणि बारा. कालवा, मोसंबीच्या बागा, नांगरलेली काळी रानं, सगळं हळूहळू जवळ यायचं आणि हळूहळू मागे जायचं. आवाज म्हणून नव्हता, खुरांची टपटप आणि पाट्यांची कुरकुर तेवढी. हे मी आधी पाहिलंय असं सारखं वाटत होतं. एकदा तर मी सवयीने कान देऊन ऐकलं, काही बिघडलं का. बेबीनंदाने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, चालू आहे.

मागून भोकरदनची पहिली एस.टी. आली. पुढे जाताना तिने धुराचा लोट सोडला. बेबीनंदाचा हात आपसूक वर गेला, पदर नाकाला, डोळे मिटलेले, खांदे आवळलेले. गाडी लांब गेली, धूर विरला, तेव्हा तिने पदर सोडला आणि मोठा श्वास घेतला. अडतीस वर्षांत मी तिला हजार वेळा असं करताना पाहिलं असेल. आज पहिल्यांदाच टक लावून पाहिलं. काहीतरी विचारायचं मनात आलं होतं, पण नक्की काय ते उमगलं नाही.

थोड्या वेळाने तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. भावासमोर! पुंजारामची पाठ होती म्हणून बरं.

"तुमच्या अंगाला वास न्हाई आज," ती म्हणाली.

"कसला वास?"

ती तोवर झोपली होती. उलटी नाही, कण्हणं नाही, लहान मुलासारखी झोपली होती. मी बाही नाकाशी नेऊन हुंगली. साबणाशिवाय कसलाच वास नव्हता. पुढे राजूरपर्यंत मी खांदा हलवला नाही, मुंग्या आल्या तरी. टेकडीवरच्या गणपतीला खालूनच हात जोडले, तेही एकाच हाताने.

एकच्या सुमाराला पोहोचलो. सासूबाई अंगणात बाजेवर बसल्या होत्या. मी बेबीनंदाचा हात त्यांच्या हातात दिला. त्या तो हात सोडेचनात. कोपरापर्यंत चाचपला, मग तोंडावरून हात फिरवला. म्हणाल्या, ओकली न्हाई तू, गाल गरम हायेत तुझे. दोघी किती वेळ तशाच बसल्या, मी आणि पुंजाराम उगाच बैलांना पाणी पाजत राहिलो.

धोंडे खाल्ले, तुपात बुडवून. वाणाचं ताट आलं, तेहतीस अनारसे, वर क्रोशाचा रुमाल. काळा गोल पूर्ण गेलेला नाही, फिकट करडा राहिला आहे. बेबीनंदाने तो मुद्दाम वर दिसेल असाच अंथरला होता. मी तिच्याकडे पाहिलं. ती हसली. डेपोच्या हिशेबाने गाडी मार्गावर.

आता दिवेलागण झाली आहे. अंगणात झोपायची तयारी चालू आहे. पुंजारामच्या बायकोने नेहमीसारख्या दोन बाजा टाकल्या, माझी इकडे, बेबीनंदाची पार तिकडे गोठ्याजवळ. बेबीनंदाने तिची बाज उचलली, फरफटत आणली आणि माझ्या बाजेला लावून ठेवली. सगळ्यांसमोर. वर चादर झटकून टाकली आणि माझ्याकडे न बघता पाणी आणायला गेली.

वाऱ्याची झुळूक नाही. उकाडा तर आज नेहमीपेक्षा जास्तच आहे.